दिसते, पण नसते

पक्षाघात म्हटला की वाकडे तोंड आणि लुळा पडलेला हात एवढेच आपल्यापुढे येते. पक्षाघात दृष्टीवरही घाला घालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून या विषयावर आम्ही येथे थोडे लिहीत आहोत.

डोळे केवळ वर्दी पाठवितात. तिचा अर्थ लावतो तो मेंदूचा मागील भाग. त्याला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबली, तर डोळे निरोगी असूनही दिसेनासे होते. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली, तर दोन्ही डोळ्यांना समोरची उजवी बाजू दिसत नाही.

काही रुग्णांना मग त्याच हरवलेल्या बाजूला रंगीत नक्षी, जनावरे, अनोळखी माणसे दिसू लागतात. ती बहुधा काही बोलत नाहीत. डोळ्यांकडची वर्दी थांबली की मेंदूतील शाबूत पेशी आपणहून चेतविल्या जातात व चित्रे उभी करतात, असे शास्त्रज्ञ मानतात. डोळे अधू झाल्यानेही असे घडते. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांचे असे भास नोंदविले. मोतीबिंदूने दृष्टी मंदावली होती, बुद्धी मात्र शाबूत होती. १९९८ साली लंडनमध्ये अशा नेत्ररुग्णांच्या मेंदूची तपासणी झाली. रंगांचा भास होताना मेंदूतील रंग ओळखणारा भागच जागा झालेला आढळला.

म्हणजे हे वेडही नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. तरीही कोणी ‘डोके फिरले’ म्हणतो, कोणी अंगारा आणतो. म्हणून रुग्ण गप्प बसतो आणि एकटाच भितो. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

घरच्यांनी हसू नये. काय दिसते ते शांतपणे विचारून डॉक्टरांना सांगावे. कारण फिट, ताप किंवा औषधे यांमुळेही भास होतात. पुष्कळांचे भास कालांतराने ओसरतात. हरवलेल्या बाजूकडे मान वळवून पाहण्याची सवय रुग्णाला लावावी. कोपर स्थानकात किंवा रस्त्यावर त्याला एकटे सोडू नये.

अचानक अर्धे दिसेनासे झाले, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. विद्यार्थ्यांनी हे घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे, एवढीच आमची विनंती.