जोत्यावरून राजवाडा: रायगडाच्या संगणकीय पुनर्रचनेतील पुरावा आणि अनुमान

प्रस्तावना

दुर्गराज रायगडावर आज जे पाहावयास मिळते ते प्रामुख्याने जोत्यांच्या रूपात आहे. राजसदन, राण्यांचे महाल, राजसभा आणि बाजारपेठेच्या दोन समांतर रांगा यांचे पाये, पायऱ्या व भिंतींचे खालचे थर शिल्लक आहेत; मात्र लाकडी खांब, तुळया, छपरे आणि माड्या यांपैकी काहीही उरलेले नाही. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने केलेल्या तोफांच्या माऱ्यात गडावरील वाड्यांना आग लागली आणि ६ जून १६७४ रोजी ज्या राजधानीत शिवराज्याभिषेक झाला, तिचा लाकडी भाग नष्ट झाला.

नष्ट झालेली राजधानी संगणकाच्या साहाय्याने पुन्हा उभी करावी आणि प्रेक्षकाला तिच्यात वावरल्याचा अनुभव द्यावा, ही कल्पना आज तांत्रिकदृष्ट्या सहज साध्य झाली आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने रायगडासह १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाल्यानंतर अशा प्रदर्शनांची मागणी वाढणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या पुनर्रचनेची पद्धती, तिच्यातील पुराव्याचे स्थान आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला असून शेवटी कुरकुंभ, दौंड व शिरूर परिसरातील महाविद्यालयांना या पद्धतीचा कसा उपयोग होऊ शकेल याचा निर्देश केला आहे.

पूर्वप्रयत्न: ग्योंगजू आणि हंपी

या क्षेत्रातील आरंभीचे एक महत्त्वाचे उदाहरण दक्षिण कोरियातील आहे. सिल्ला राज्याची राजधानी असलेले ग्योंगजू हे नगर इ.स. ९३५ मध्ये त्या राज्याचा शेवट झाल्यानंतर हळूहळू मागे पडले. तेथे २००० साली भरलेल्या जागतिक सांस्कृतिक प्रदर्शनात प्राचीन राजधानीची आभासी सफर घडविणारे नाट्यगृह उभारण्यात आले होते. शेकडो प्रेक्षक एकाच वेळी भव्य पडद्यासमोर बसून त्या नगरात फिरल्याचा अनुभव घेऊ शकत. त्याच वर्षी ग्योंगजूचा ऐतिहासिक परिसर जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

ग्योंगजूचे उदाहरण रायगडाच्या अभ्यासकाला विशेष जवळचे वाटावे. तेथील ह्वांगन्योंग्सा या बौद्ध विहारात इ.स. ६४५ च्या सुमारास पूर्ण झालेला नऊ मजली लाकडी मनोरा होता. १२३८ मध्ये मंगोल आक्रमणात तो जळाला. आज त्या जागी खांबांखालचे दगड राहिले आहेत. मनोऱ्याची उंची तेराव्या शतकातील ‘सामगुक युसा’ या ग्रंथातील नोंदीवरून सुमारे ८० मीटर मानली जाते. म्हणजे तळाचा आराखडा दगडांतून मिळतो, उंची ग्रंथातून मिळते. परंतु मधले मजले कसे होते हे अनुमानानेच ठरवावे लागते. त्यामुळे अभ्यासकांनी सुचविलेल्या रचना एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत.

भारतात विजयनगरची राजधानी हंपी येथे असे प्रयत्न झाले. सारा केंडरडाइन व जेफ्री शॉ यांनी २००६ मध्ये सादर केलेल्या ‘प्लेस-हंपी’ या प्रकल्पात वर्तुळाकार पडद्यावर हंपीची त्रिमिती दृश्ये दाखविण्यात आली. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानेही भारतीय वारशाच्या संगणकीय जतनाच्या प्रकल्पात हंपीची निवड केली. महाराष्ट्रात पुण्याजवळ आंबेगाव येथील शिवसृष्टीच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. दृक्‌श्राव्य तंत्रातून शिवकाल अनुभवण्याची लोकांची इच्छा किती प्रबळ आहे हे अशा उपक्रमांवरून दिसते.

पुनर्रचनेची पद्धती

पुनर्रचनेचे काम साधारणतः तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा मोजणीचा होय. एकाच वास्तूची अनेक कोनांतून घेतलेली छायाचित्रे संगणकाला दिली असता, समान बिंदू दोन वा अधिक छायाचित्रांत कोठे दिसतो यावरून त्या बिंदूचे अवकाशातील स्थान काढता येते. अशा लक्षावधी बिंदूंचा संच म्हणजे वास्तूची त्रिमिती नोंद. लायडार या तंत्रात लेसर किरण परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजले जाते. झाडोऱ्याच्या फटींतून काही किरण जमिनीपर्यंत पोहोचत असल्याने सह्याद्रीतील गवताने व झुडपांनी झाकलेली जोती ओळखण्यास हे तंत्र विशेष उपयुक्त ठरते.

दुसरा टप्पा उभारणीचा. येथे स्थापत्याचे ज्ञान आवश्यक असते. तळखडे जागेवर असतील तर खांबांमधील अंतर, म्हणजेच खण, निश्चित करता येतो. उपलब्ध लाकडाची तुळई किती अंतर पेलू शकते यावरून दालनाच्या रुंदीला मर्यादा पडते. जोत्याची जाडी वरच्या भिंतीच्या भाराची काही कल्पना देते. रायगडावरील अतिवृष्टी लक्षात घेता छपराला पुरेसा उतार असला पाहिजे, असे म्हणता येते. परंतु छपरावर कौले होती की गवत, हे पर्जन्यमानावरून ठरत नाही. त्यासाठी उत्खननात कौलांचे तुकडे कोठे व किती सापडतात हे पाहावे लागते.

तिसरा टप्पा सादरीकरणाचा. प्रकाश, सावली, रंग, ध्वनी आणि माणसांची वर्दळ यांमुळे प्रतिकृती जिवंत वाटू लागते. नेमक्या याच टप्प्यावर पुरावा व अनुमान यांतील सीमारेषा पुसली जाते. संगणकाला अर्धवट भिंत दाखविणे ठाऊक नसते असे नव्हे. पण प्रेक्षकाला पूर्ण भिंत आवडते, म्हणून ती पूर्ण केली जाते.

रायगडाचा पुरावा: चार पातळ्या

रायगडाविषयीचा पुरावा विश्वासार्हतेच्या दृष्टीने चार पातळ्यांत विभागता येईल.

पहिली पातळी प्रत्यक्ष उभ्या असलेल्या वास्तूंची. महादरवाजा, नगारखान्याचे प्रवेशद्वार, जगदीश्वराचे मंदिर, गंगासागर व हत्ती तलाव ही तिची उदाहरणे. मात्र येथेही काळाचे भान ठेवावे लागते. १६७४ ची राजधानी दाखवावयाची असेल तर आज राजसभेत असलेली मेघडंबरी, समाधीवरील विसाव्या शतकातील छत्री आणि स्वतः समाधीही वगळली पाहिजे, कारण शिवाजी महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले. म्हणून प्रतिकृतीचे वर्ष आधी निश्चित करणे ही पहिली अट होय.

दुसरी पातळी जोत्यांची. राजसभेची जागा सुमारे २२० फूट लांब व १२४ फूट रुंद सांगितली जाते. हा विस्तार मोजता येतो. तेथील छताची रचना मोजता येत नाही. बाजारपेठेची जोती उंच असल्याने घोड्यावर बसूनच खरेदी करता येत असे, हा समज सर्वपरिचित आहे. जोत्याची उंची हे तथ्य आहे, घोडेस्वार ग्राहक हे त्यावरून काढलेले अनुमान आहे. प्रदर्शनात घोड्यावरून खरेदी करणारे लोक दाखविले, तर ते अनुमान प्रेक्षकाच्या मनात तथ्य म्हणूनच रुजते.

तिसरी पातळी समकालीन लेखी पुराव्याची. जगदीश्वर मंदिरातील शके १५९६ च्या संस्कृत शिलालेखात विहिरी, तलाव, बागा, वीथी, हत्तिशाळा व राजगृहे यांचा उल्लेख असून निर्माता म्हणून हिरोजीचे नाव आहे. राज्याभिषेकप्रसंगी उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन याने सिंहासनाभोवतीच्या सोन्याच्या भाल्यांवरील राजचिन्हांचे, म्हणजे मत्स्यमुख, अश्वपुच्छ व तराजू यांचे वर्णन केले आहे. त्यामुळे सिंहासनाजवळचा देखावा बऱ्याच आधाराने उभा करता येतो. परंतु शिलालेख हा प्रशस्तीच्या शैलीतील आहे आणि ऑक्झिंडनची नोंद राजनैतिक आहे. वास्तूचे मोजमाप देणे हा दोघांचाही हेतू नव्हता.

चौथी पातळी साधर्म्याची. जेथे पुरावा संपतो तेथे अन्य वाड्यांचा आधार घेतला जातो. आज सुस्थितीत असलेले बहुसंख्य मराठा वाडे अठराव्या शतकातील वा त्यानंतरचे आहेत. त्यांतील सुरूचे नक्षीदार खांब, महिरपी आणि चौकांची मांडणी १६७४ च्या रायगडावर जशीच्या तशी बसविल्यास आपण शिवकालाला पेशवाईचा पेहराव चढवितो. हे टाळणे कठीण आहे. निदान ते उघडपणे सांगणे मात्र शक्य आहे.

सिंहासनाजवळ हळू आवाजात बोललेले नगारखान्याच्या दरवाजापर्यंत ऐकू येते, या प्रसिद्ध अनुभवाचेही विवेचन असेच करावयास हवे. आज हा प्रयोग उघड्या पटांगणात होतो. त्या काळी तेथे छत, पडदे व गर्दी असेल तर ध्वनीचा प्रवास वेगळा असेल. संगणकीय प्रतिकृतीत छतासह व छताविना अशी दोन्ही गणिते मांडून पाहता येतात. अशा वेळी प्रतिकृती केवळ देखावा न राहता संशोधनाचे साधन बनते.

अनिश्चिततेचे प्रामाणिक दर्शन

या प्रश्नाची जाणीव आंतरराष्ट्रीय पातळीवर झालेली आहे. २००६ मध्ये मांडलेल्या व २००९ मध्ये सुधारलेल्या लंडन सनदेत संगणकीय पुनर्रचनेमागील निर्णयांची नोंद ठेवण्यावर भर देण्यात आला. पुरातत्त्वासाठी तयार झालेली सेव्हिल तत्त्वे इकोमॉसच्या २०१७ मधील नवी दिल्ली येथील महासभेत स्वीकारण्यात आली. दोहोंचा आशय थोडक्यात असा की, काय शिल्लक होते, काय जोडले आणि का जोडले हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

हे प्रत्यक्षात आणणे अवघड नाही. पहिल्या पातळीचा भाग पूर्ण रंगात, दुसरी व तिसरी पातळी फिकट रंगात आणि चौथी पातळी केवळ रेषांत दाखविता येईल. जेथे दोन मते आहेत तेथे प्रेक्षकाला दोन्ही रूपे आलटूनपालटून पाहता यावीत. यामुळे अनुभवाचा रस भंग पावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. सभोवार पसरलेल्या दृश्यात माणूस रंगून जातो आणि मध्येच येणारी रेषा त्याला थांबविते. परंतु शिवकालाविषयी महाराष्ट्रात जी उत्कट श्रद्धा आहे, तीमुळेच ही दक्षता अधिक आवश्यक ठरते. एकदा डोळ्यांनी पाहिलेले छत पुढे नव्या पुराव्याने खोटे ठरले, तर तो पुरावाच अनादर मानला जाण्याचा संभव असतो. आज रेषांत दाखविलेले छत उद्या बदलता येते; श्रद्धेचा भाग झालेले छत बदलता येत नाही.

परिसरातील उपयोजन

या पद्धतीचा सराव करण्यासाठी रायगडापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. १३० हून अधिक घरांचे अवशेष तेथे मिळाले. पूर्व जोर्वे काळातील चौकोनी घरे आणि उत्तर जोर्वे काळातील लहान गोल झोपड्या यांतील फरक मुख्यतः जमिनी व खांबांचे खळगे यांवरून समजला. पाच खोल्यांचे एक मोठे घर व त्याजवळचे धान्यकोठार यांवरून उत्खननकर्त्यांनी तेथे प्रमुखाचे निवासस्थान असल्याचे अनुमान मांडले. तथ्यापासून अनुमानापर्यंतची पायरी येथे इतकी स्पष्ट आहे की, वर्गात शिकविण्यास यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

दौंडजवळ भीमाकाठी पेडगाव येथे बहादूरगडाचे अवशेष व यादवकालीन शिल्पवैभव असलेले लक्ष्मीनारायण मंदिर आहे. साध्या भ्रमणध्वनीच्या छायाचित्रांवरून अशा मंदिराची त्रिमिती नोंद विद्यार्थ्यांना करता येते. संरक्षित स्थळी आवश्यक परवानगी घेऊन इतिहास, भूगोल, संगणकशास्त्र व मराठी या विभागांनी असा उपक्रम एकत्रितपणे हाती घ्यावा: इतिहासाने काळ ठरवावा, भूगोलाने मोजणी करावी, संगणकशास्त्राने प्रतिकृती तयार करावी आणि मराठीने निवेदनातील प्रत्येक विधानामागे ‘आहे’, ‘असावे’ की ‘असेल’ यांपैकी कोणते क्रियापद योग्य ते तपासावे.

समारोप

हरवलेल्या राजधानीची संगणकीय पुनर्रचना हे इतिहास लोकांपर्यंत नेण्याचे प्रभावी साधन आहे. तिचे मूल्य मात्र दृश्याच्या भव्यतेपेक्षा पुराव्याच्या पारदर्शकतेवर अवलंबून राहील. ग्योंगजूच्या मनोऱ्याप्रमाणेच रायगडाचा राजवाडाही जोत्यावर थांबलेला आहे. त्या जोत्यावर आपण काय उभारतो, आणि त्यातील किती भाग आपला आहे हे सांगतो की नाही, यावर पुढील पिढीची इतिहासदृष्टी घडणार आहे.