शिरोरेघेखालचा मिलीमीटर

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतला शेतीचा बराचसा कागद गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या काचेवर आला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि पूर्वी तलाठ्याने करायची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनवर आली. माळेगावच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याची चित्रफीत जगापुढे ठेवली, तेव्हा बारामतीचे नाव एका दिवसात सर्वदूर पोचले. या कौतुकात उपग्रह होते, जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रे होती, हवामान केंद्रे होती. शेतकऱ्यापर्यंत यातले जे पोचायचे, ते मात्र वीतभर काचेवरच्या अक्षरांतून पोचते. ते अक्षर किती मोठे असावे, हा प्रश्न आपण वेबसाइट बनवणाऱ्याच्या आवडीनिवडीवर सोडून दिला आहे, आणि माझ्या मते ती मोठी चूक आहे. मराठी वेबसाइटला आपण रोमन लिपीचे माप लावतो, आणि ते माप देवनागरीला पुरत नाही.

का पुरत नाही, हे अक्षराच्या बांधणीत दिसते. फॉन्टचा आकार सांगताना जो आकडा देतात, तो एका अक्षराची उंची नसतो. अक्षर ज्या चौकटीत बसवायचे त्या चौकटीचा तो आकडा असतो. छपाईच्या काळात हीच चौकट खिळ्याच्या रूपाने हातात धरता येत असे. इंग्रजीत या चौकटीत अक्षराच्या मुख्य देहाच्या थोडे वर किंवा थोडे खाली जाणारी टोके तेवढी सामावायची असतात, त्यामुळे त्या देहाला ऐसपैस जागा मिळते. देवनागरीत अक्षर शिरोरेघेला लटकते. रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा हवी. खाली उकार, ऋकार, पाय मोडण्याची खूण आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे. ‘र्कीं’ आणि ‘द्धू’ ही दोन्ही एकाच ओळीच्या उंचीत मावली पाहिजेत. त्यामुळे शिरोरेघेपासून तळापर्यंतचा अक्षराचा मुख्य देह त्याच चौकटीत आखडून बसतो. इंग्रजी आणि मराठी मजकूर एकाच आकड्यात शेजारी शेजारी लावला, तर अनेक फॉन्टांत मराठी बारीक आणि दाट दिसते, ते यामुळेच.

आता हे मिलीमीटरमध्ये पाहू. ब्राउझर साध्या मजकुरासाठी १६ पिक्सेलचा आकार गृहीत धरतात, आणि फोनवर ही चौकट साधारण अडीच मिलीमीटरची होते. तारखा, तळटिपा, तक्त्यांतले आकडे यांसाठी १२ पिक्सेल सर्रास वापरतात. तिथे चौकटच दोन मिलीमीटरच्या आत येते आणि शिरोरेघेखालच्या मूळ अक्षराला जेमतेम एक मिलीमीटर उरतो. बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि किंमत किती मोठ्या अक्षरांत छापावी याचा आपल्याकडे कायदा आहे. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत अक्षराची उंची एक मिलीमीटरपेक्षा कमी चालत नाही. दुकानाच्या पाटीवरच्या मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीपेक्षा लहान नको, हे महाराष्ट्राने २०२२ मध्ये कायद्यात घातले. पुडा आणि पाटी यांच्यासाठी आपण मोजपट्टी काढली. ज्या पानावर माणसाची जमीन दिसते, त्या पानासाठी काढली नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमचे सुलभतेचे निकष जगभर मानले जातात आणि सरकारी वेबसाइटांसाठीची भारतीय मार्गदर्शक तत्त्वेही त्यांवरच आधारलेली आहेत. मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडू नये, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असे प्रमाण असावे, असे ते सांगतात. अक्षराचा किमान आकार मात्र तेही सांगत नाहीत.

अक्षर बारीक असले तरी लोक वाचतातच की, असे कोणी म्हणेल. बातमी वाचतात, कथा वाचतात, हे खरेच आहे. ओळखीचा शब्द डोळ्याने अर्धवट पाहिला तरी मन तो पुरा करते. वाक्याचा ओघ मदतीला असतो. आकड्याला आणि नावाला असा आधार नसतो. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिताना हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांच्यामध्ये फक्त टिंबे असतात. औषधाची मात्रा दर लिटरला ०.५ मिली सांगितली असेल आणि ते टिंब डोळ्याने टिपले नाही, तर डाळिंबाच्या बागेवर दहापट औषध पडते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातला फरक केसाएवढ्या गाठीचा किंवा रेघेतल्या फटीचा आहे. अक्षर एक मिलीमीटरवर आले की सगळ्यात आधी तोच नाहीसा होतो. खातेदाराच्या आडनावात, गट नंबरात, फेरफाराच्या तारखेत अंदाजाने वाचून चालत नाही. म्हणजे जो मजकूर सगळ्यात मोठा हवा, तोच तक्त्यात बसवण्यासाठी सगळ्यात बारीक केला जातो. कथेच्या अक्षरांपेक्षा सातबाऱ्याच्या अक्षरांचा हट्ट मी अधिक धरतो तो यासाठी.

डोळ्यांचे काय, चष्मा लावावा की, हा पुढचा आक्षेप. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग लवचीकपणा गमावते आणि जवळचे पुसट दिसू लागते. हा आजार नव्हे, वयाचा सार्वत्रिक धर्म आहे. आपण त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. चष्म्याने फरक किती पडतो, याचा भक्कम पुरावा भारतातच आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी वाढली होती. चष्मे जरूर मिळावेत, गावोगाव मिळावेत. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्थ असा, की हाताने काम करणारी असंख्य माणसे आज पुसट नजरेनेच दिवस काढत आहेत. शिवाय शेतकरी फोन बघतो तो टेबलाशी बसून नव्हे. ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी, उसाच्या काट्यावर, भर उन्हात, घामेजल्या हातांनी बघतो. तिथे चष्मा बहुधा घरी असतो, आणि शहरातल्या पडद्यावर नाजूक वाटणारी पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरे उन्हात दिसेनाशी होतात. भिगवणच्या दुपारी वाचता येणार नाही असा रंग निवडणाऱ्याने तो पुण्याच्या वातानुकूलित खोलीत निवडलेला असतो.

मग बोटांनी मोठे करून बघावे, हे उत्तर तर ठरलेलेच. छायाचित्रासाठी ते ठीक आहे. मजकुराच्या बाबतीत मात्र मोठे केल्यावर ओळ काचेबाहेर जाते. मग प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडे-उजवीकडे ओढावे लागते, आणि तक्ता असेल तर कोणत्या रकान्याचे डोके कोणते हेच हरवते. असे मोठे करावे लागण्याचे मूळ कारण बरेचदा अगदी छोटे असते. पानाने फोनच्या रुंदीशी जुळवून घ्यावे अशी एका ओळीची सूचना संकेतलेखनात घालावी लागते. ती नसली की फोन समजतो, हे पान संगणकासाठी आहे. ते साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि मग सगळेच आक्रसून काचेत बसवतो. काही जण याच्या पुढे जाऊन बोटांनी मोठे करण्याची सोयच बंद करून ठेवतात. आणि स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफ सूचना, जाहीर निविदा, तिरप्या पडलेल्या याद्या यांना तर कोणतीच सूचना लागू पडत नाही, कारण तिथे अक्षर नसतेच, अक्षराचे चित्र असते. ते मोठे केले की फक्त अधिक धुरकट होते.

देवनागरीला काय लागते, हे आपल्याला ठाऊक नव्हते असेही नाही. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे त्यांच्या वाचनीयतेसाठी नावाजले गेले. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा मोठा ग्रंथ १९७१ मध्ये राज्य शासनानेच प्रसिद्ध केला. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ विंडोजमधून देशभर गेला. आज ‘मुक्त’सारखे, नावाप्रमाणेच मुक्त परवान्याचे फॉन्ट एक पैसा न देता वापरता येतात. पहिलीच्या बालभारतीत अक्षर मोठे का असते, हे आपण मुलांच्या बाबतीत बरोबर ओळखले. तीच मुले पन्नाशीला पोचली की विसरलो. करायचे ते फार थोडे आहे. मराठी मजकूर निदान १८ पिक्सेलचा, ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा मोकळे, म्हणजे आकाराच्या पावणेदोन पटींच्या आसपास, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडता कामा नयेत. अक्षरांमध्ये कृत्रिम अंतर घालू नये. इंग्रजी शीर्षकाला ते शोभते, मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ठळक अक्षराचा वेगळा फॉन्ट नसेल तर ठळक करूच नये, कारण ब्राउझर मग अक्षरे नुसती फुगवतो आणि ‘ष’च्या पोटातली रेघ बुजते. आकड्यांना मजकुरापेक्षा लहान करू नये.

मोठ्या अक्षरांनी पान लांबते, हे खरे आहे. पण अंगठ्याने पान वर सरकवणे सोपे, तीच ओळ तीनदा वाचणे कष्टाचे. आणि पान लांबते त्याला निम्मे कारण आपली सरकारी मराठी असते. ‘याद्वारे सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की’ एवढे काढले तरी दोन ओळी वाचतात. दुसरे म्हणणे असे, की आता फोन बोलतो, पुढे वाचायची गरजच राहणार नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे, आणि तिलाही चित्र नव्हे, खरे युनिकोड अक्षरच लागते. म्हणजे ज्यांना दिसत नाही आणि ज्यांना पुसट दिसते, त्या दोघांचे औषध एकच. पण ऐकलेले क्षेत्र कागदाशी ताडून बघता येत नाही. उसाच्या बिलातली कपात, कर्जाच्या अर्जातला खाते क्रमांक, नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाची तारीख, ही डोळ्यापुढे थांबलीच पाहिजे. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात म्हटले. ज्याला आपला सातबारा वाचून घ्यायला सेवा केंद्रावर जाऊन दुसऱ्याला पैसे मोजावे लागतात, त्याच्यापर्यंत हा हक्क अजून यायचा आहे.

या दोन तालुक्यांत सहकारी साखर कारखाने आहेत, बाजार समित्या आहेत, कृषी विज्ञान केंद्र आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेतकऱ्याच्या फोनवर मजकूर पाठवणारे आणि तो मजकूर घडवू शकणारे, दोघेही याच परिसरात राहतात. त्यांना माझी विनंती आहे: पुढची वेबसाइट किंवा ॲप ताब्यात घेण्याआधी ते पन्नाशी ओलांडलेल्या दहा खातेदारांच्या हातात द्या, दुपारी बारा वाजता, बांधावर, त्यांच्या स्वतःच्या फोनवर. त्यांना आपला गट नंबर, क्षेत्र आणि तारीख मोठ्याने वाचायला सांगा. दहाही जणांना एकही टिंब न चुकता वाचता आले, तरच ठेकेदाराचे बिल काढा.