गळतं कुठून, टपकतं कुठे

गाडी रोज चालवली तर खाली डागसुद्धा पडत नाही. आठवडाभर जागेवर उभी राहिली की मात्र तांबड्या तेलाचं थारोळं होतं. नव्वदच्या दशकातल्या डॉज रॅम पिकअपच्या अमेरिकी मालकांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या पॅनच्या कडेला थेंब लोंबताना दिसतो, म्हणून माणूस पॅनचं गॅस्केट बदलतो. तरी गळती चालूच, म्हणून बोल्ट आणखी आवळतो. तरीही पुढच्या आठवड्यात थारोळं हजर.

यातल्या बऱ्याच पिकअपमध्ये क्रायस्लरचा ४६आरएच आणि १९९६पासून ४६आरई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असे. नावातला ४ पुढे जाण्याच्या गिअरांची संख्या सांगतो, ६ हा ताकद पेलण्याचा दर्जा, ‘आर’ म्हणजे मागच्या चाकांना गती, ‘एच’ हायड्रॉलिक आणि ‘ई’ इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. मूळ घडण १९६२च्या टॉर्कफ्लाइट ७२७ची, मागे ओव्हरड्राइव्हची जोड. यंत्र दणकट, पण आज या गाड्यांचं वय पंचवीस-तीस वर्षांचं. एवढ्या काळात उष्णतेने रबरी सील कडक होतात आणि त्यांची ओठासारखी कड शाफ्टला धरून राहत नाही.

तेल हेच यंत्राचं बळ

आपल्याकडच्या हाताने गिअर बदलायच्या ट्रकमध्ये तेल मुख्यतः गिअरना वंगण देतं. ऑटोमॅटिकमध्ये त्याला चार कामं असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीच्या क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर हा तेलाने भरलेला बंद डबा असतो. इंजिनबरोबर फिरणारं पंख्याचं चाक तेल समोरच्या चाकावर फेकतं आणि गती पुढे जाते. आतले क्लच आणि बँड तेलाच्या दाबानेच आवळले जातात. वंगणही तेच, आणि उष्णता उचलून कूलरपर्यंत नेणारंही तेच. पातळी फार खाली गेली की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो, क्लच घसरून तापतात आणि जळका वास येऊ लागतो. एका लहानशा सीलपायी अख्खा गिअरबॉक्स खोलावा लागतो तो असा.

उभ्या गाडीची गळती

इंजिन चालू असताना कन्व्हर्टर भरलेला असतो. गाडी बंद करून ठेवली की त्यातलं तेल हळूहळू आतल्या फटींतून पॅनमध्ये उतरतं. पॅन भरतो, आणि पातळी एरवी तेलाच्या वर राहणाऱ्या भागांपर्यंत चढते. ड्रायव्हरच्या बाजूला, पॅनच्या कडेच्या किंचित वर, गिअर निवडणारा शाफ्ट बाहेर येतो. त्याचं सील म्हातारं झालेलं असेल तर तेल तिथून पाझरतं, केसिंगवरून ओघळतं आणि पॅनच्या कडेला येऊन टपकतं. पावसाळ्यात गच्चीच्या एका टोकाला भेग असते आणि ओल दुसऱ्याच खोलीत दिसते, तसाच हा मामला.

खात्री करणं सोपं आहे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची डिपस्टिक इंजिन सुरू करण्याआधी पाहायची. तेल ‘फुल’च्या खुणेच्या बरंच वर असेल, तर कन्व्हर्टर रिकामा झालेला आहे. मग गाडी सुरू करून ‘ड्राइव्ह’मध्ये टाकली तरी काही क्षण जागची हलत नाही. या गिअरबॉक्सची एक खोड इथे लक्षात ठेवावी : ‘पार्क’मध्ये कन्व्हर्टरला तेल पोचत नाही. म्हणून आधी काही सेकंद ‘न्यूट्रल’मध्ये इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि पातळीसुद्धा गरम तेलावर, हँडब्रेक ओढून, ‘न्यूट्रल’मध्येच मोजावी लागते. हे न जाणता ‘पार्क’मध्ये मोजणारा माणूस तेल कमी-जास्त करून बसतो.

आधी धुवा, मग शोधा

जुन्या गिअरबॉक्सवर तेल आणि धूळ यांचा जाड चिकटा बसलेला असतो. त्यात नवा ओघळ दिसणं अशक्य. म्हणून डिग्रीझरने गिअरबॉक्स स्वच्छ धुऊन वाळवायचा आणि संशयित जागांवर पांढरी पावडर फवारायची. थोडी गाडी फिरवून, मग उभी ठेवून पाहिलं की पावडरीवर ओघळाची रेघ उमटते. तेलात चमकणारा रंग मिसळून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पाहणं ही दुसरी रीत. रेघ धरून वरवर जायचं. सगळ्यात वरची ओली जागा हे उगमस्थान. मात्र धावत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे पुढच्या टोकाकडेही नजर हवी.

शाफ्टच्या सीलशेजारीच न्यूट्रल स्विच असतो. तोही मधून पाझरतो. कूलरच्या नळ्यांचे जोड आणि रबरी तुकडे दाब आल्यावर गळतात, म्हणजे चालू इंजिनवर. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले जातात तिथे खाली थेंब दिसला तर तो पंपाच्या पुढच्या सीलचा असू शकतो, किंवा इंजिनच्या मागच्या सीलचा. काळपट-तपकिरी तेल इंजिनचं आणि तांबडं गिअरबॉक्सचं, हा ढोबळ नियम. पण क्रायस्लरच्या एटीएफ+४ तेलाचा तांबडा रंग कायम टिकत नाही, त्यामुळे केवळ रंगावर निकाल देऊ नये.

दुरुस्ती : सीलच्या पलीकडे पाहणं

गिअर निवडणारा शाफ्ट पोकळ असतो आणि त्यातून थ्रॉटलचा बारीक शाफ्ट जातो. म्हणजे सीलही दोन : एक केसिंगमध्ये, एक आत. बाहेरचं बदलून आतलं तसंच ठेवलं, तर गळती पुन्हा तिथूनच. आतल्यासाठी पॅन काढून व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब वाटून देणारा भाग, खाली उतरवावी लागते, आणि एवढं उघडलंच आहे तर दोन्ही सील एकदम बदलणं शहाणपणाचं.

पॅन हातात आला की तो उलटा करून कडेला सरळ पट्टी लावून पाहावी. वर्षानुवर्षं बोल्ट आवळून पत्र्याला भोकांभोवती खळगे पडलेले असतात. दोन बोल्टांच्या मध्ये पत्रा उचलला जातो आणि नवं गॅस्केटही तिथे दबत नाही. सपाट ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने ते खळगे बसवायचे. बोल्ट टॉर्क रेंचने फक्त १७ न्यूटन-मीटरला, म्हणजे हाताला ‘सैल’च वाटेल इतके. सिलिकॉन सीलंटचा लपेटा नको. सुटलेला तुकडा फिल्टरमध्ये अडकतो.

पंपाचं पुढचं सील गळत असेल तर गिअरबॉक्स खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी फक्त सील बदलणं म्हणजे पुन्हा त्याच कामाला आमंत्रण. त्यामागचं बुश झिजलं असेल तर कन्व्हर्टरची मान डगमगत फिरते आणि नवं सीलही लवकर खाते. बुश, पंपाची मोठी ओ-रिंग, कन्व्हर्टरच्या मानेवर पडलेली चीर, हे सगळं त्याच खेपेला पाहून घ्यायचं.

कन्व्हर्टर रिकामा होऊ नये म्हणून कंपनीने कूलरच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तोही बिघडतो, शिवाय जळलेल्या क्लचचा गाळ त्यात अडकला तर कूलरकडे जाणारं तेलच तुंबतं. गिअरबॉक्सची मोठी दुरुस्ती झाली असेल तर तो बदलणं आणि नळ्या धुणं भाग आहे.

बाटलीतला उपाय आणि बेताचं तेल

दुकानात मिळणारं ‘लीक स्टॉप’ रबर फुगवून मऊ करतं. कडक झालेल्या सीलला त्याने थोडे महिने मिळतात. झिजलेल्या बुशला किंवा वाकलेल्या पॅनला काहीच मिळत नाही. तेलाचा आणि आतल्या भागांचा मेळ ही नाजूक गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलांत स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. तो प्राणी संकटग्रस्त ठरल्यावर कंपन्यांना पर्यायी रसायनं शोधावी लागली. हा मेळ बिघडू नये म्हणून कंपनीने सांगितलेलंच तेल भरायचं. पॅन काढल्यावर साधारण पावणेचार लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेव्हा थोडं थोडं भरत मोजत जायचं. जादा भरलं तर तेल फेसाळून हवेच्या छिद्रातून बाहेर येतं आणि पुढचं सीलच गळतंय असा भास होतो.

प्रत्येक ओलाव्यामागे धावायची मात्र गरज नाही. तीस वर्षांच्या गाडीला नुसता घाम सुटत असेल आणि डिपस्टिकवरची पातळी महिनोन्‌महिने टिकत असेल, तर लक्ष ठेवणं पुरे. पातळी उतरत असेल तर गिअरबॉक्स जळण्याआधी सील बदलावं. आणि थेंब तापलेल्या एक्झॉस्ट पाइपवर पडत असेल, तर आग लागायची भीती. दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढूच नये.