शेत हाही वर्गच

सेवाग्रामच्या आनंद निकेतन विद्यालयात शेती, स्वयंपाक, सूतकताई आणि सफाई ही कामे शिक्षणाचाच भाग आहेत. वाफे आखताना क्षेत्रफळ शिकता येते आणि खताचा खड्डा भरताना कुजण्यामागचे विज्ञान उलगडते. हा वारसा नई तालीमचा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी ही कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन समितीने ७ ते १४ वयाच्या मुलांसाठी मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधारे शिकवण्याचा आराखडा दिला, तर आर्यनायकम दांपत्याने सेवाग्रामात तो राबवला. मध्यंतरी खंड पडलेले हे काम २००५ साली आनंद निकेतनच्या रूपाने पुन्हा उभे राहिले. मातीत हात घातल्याने अभ्यास मागे पडत नाही, उलट पक्का होतो, ही त्यामागची धारणा मला पूर्णपणे पटते.

मुलांच्या श्रमावर शाळा चालवली जाईल, ही भीती मात्र खोटी नव्हती. उत्पन्नाच्या नादात शिक्षण हरवू नये, असा इशारा खुद्द समितीनेच दिला होता. म्हणून कसोटी एकच: कामातून प्रश्न निघतो का? प्रश्न न निघाल्यास ती नुसती मजुरी ठरते. स्पर्धेच्या काळात हे परवडेल का, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर टोकियोत आहे. त्सुकुबा विद्यापीठाशी संलग्न असलेली कोमाबा येथील माध्यमिक शाळा टोकियो विद्यापीठाच्या प्रवेशात आघाडीवर असते. तिथले विद्यार्थी जर्मन कृषिरसायनतज्ज्ञ ऑस्कर केल्नर यांच्या नावाच्या भातखाचरात रोवणी आणि कापणी करतात. त्या तांदळात लाल कडधान्य घालून शिजवलेला भात नव्या आणि निरोप घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दिला जातो. खाचरातल्या चिखलाने त्यांची गुणवत्ता कमी झालेली नाही.

शेतकऱ्याचे पोर घरी राबतेच, मग शाळेतही तेच कशाला, हा आक्षेप सर्वांत रास्त आहे. पण घरी काम उरकायचे असते. शाळेत थांबून मोजता येते, तपासता येते, चुकता येते. शेतीतून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलालाही निरीक्षणाची ही सवय उपयोगी पडते. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) परिसरात संत्र्याच्या बागा, कापसाची शेते आणि गवळाऊ गुरे शाळेच्या आसपासच आहेत. वेगळी प्रयोगशाळा उभारण्याआधी इथल्या शिक्षकांनी आणि पालकांनी आठवड्यातला एक तास तरी या शिवाराला द्यावा. नई तालीमची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. तिचा लाभ आपल्या मुलांना मिळायलाच हवा.