साहाय्यित निवासगृहांतील अन्नव्यवस्था

साहाय्यित निवासगृहांतील अन्नव्यवस्था : ज्या वृद्धांना स्नान, पोशाख, औषधे घेणे इ. दैनंदिन कामांत मदतीची गरज असते. परंतु अखंड वैद्यकीय शुश्रूषेची आवश्यकता नसते, अशांच्या निवासाची सोय करणाऱ्या संस्थेस साहाय्यित निवासगृह म्हणतात. अशा गृहांत भोजनाची आखणी, पाकक्रिया, वाढप व साठवण यांसंबंधी पाळावयाच्या आरोग्यविषयक नियमांचा विचार येथे केला आहे. वृद्धाश्रम व शुश्रूषागृह यांच्या मधली ही संस्था प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाली. केरेन ब्राउन विल्सन यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे उभारलेले निवासगृह हा तिचा एक आद्य नमुना मानला जातो. रुग्णालयाची शिस्त टाळून निवासी व्यक्तीला स्वतःच्या घरासारखे, दाराला कुलूप असलेले स्वतंत्र दालन द्यावे, ही त्यामागील कल्पना होती. अन्नाच्या नियमांतील बहुतेक पेच या कल्पनेतूनच उद्‌भवतात. कारण घरी मनुष्य आपल्या आवडीचे खातो, तर संस्थेत दुसऱ्याच्या जबाबदारीवर खातो.

वार्धक्यात अन्नविषबाधेचा धोका अनेक कारणांनी वाढतो. जठरातील आम्लाचे प्रमाण पुष्कळदा घटते व आम्लनाशक औषधांनी ते आणखी कमी होते. त्यामुळे अन्नाबरोबर गेलेले सूक्ष्मजंतू जठरात नष्ट न होता आतड्यापर्यंत पोहोचतात. प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते. वास व दृष्टी मंदावल्याने नासलेले अन्न ओळखता येत नाही. तहानेची जाणीव बोथट झाल्यामुळे जुलाब-उलट्यांनी होणारा जलक्षय लवकर ध्यानात येत नाही. तरुणाला दोन दिवस त्रास देऊन जाणारा विकार येथे प्राणघातक ठरू शकतो.

याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. ऑगस्ट १९८४ मध्ये इंग्लंडमधील वेकफील्ड येथील स्टॅन्ली रॉइड या मनोरुग्णालयात साल्मोनेला जंतूंची साथ उद्‌भवली. तेथे वृद्ध रुग्णांची संख्या मोठी होती. चारशेहून अधिक लोक आजारी पडले व १९ रुग्ण मरण पावले. भाजलेले गोमांस थंड करून उन्हाळ्याच्या दिवसांत कित्येक तास स्वयंपाकघरात बाहेरच ठेवले गेले होते. चौकशीअंती शासकीय रुग्णालयांच्या पाकगृहांना अन्नविषयक कायद्यांपासून मिळणारे संरक्षण १९८६ च्या कायद्याने काढून घेण्यात आले. सप्टेंबर १९८५ मध्ये कॅनडातील आँटॅरिओ प्रांताच्या लंडन शहरातील एका शुश्रूषागृहात एश्चेरिकिया कोलाय (ओ १५७) या जंतूंमुळे ५५ निवासी आजारी पडून १९ जण दगावले. तेथे सँडविच हे साथीचे मूळ ठरले. मात्र पुढील काही रुग्णांना संसर्ग अन्नातून नव्हे, तर एकमेकांच्या संपर्कातून झाला. केवळ पाकगृह स्वच्छ ठेवून भागत नाही, हे त्यावरून दिसून आले.

संयुक्त संस्थानांत शुश्रूषागृहांवर संघशासनाचे नियंत्रण आहे. साहाय्यित निवासगृहे मात्र घटक राज्यांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे नियमांत बरीच तफावत आढळते. रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी यांमधील अंतर संघीय नियमांनुसार शुश्रूषागृहांत सामान्यतः १४ तासांहून अधिक असू नये. साहाय्यित निवासगृहांसाठी कॅलिफोर्नियात ही मर्यादा १५, तर टेक्ससमध्ये १६ तासांची आहे. वरवर क्षुल्लक वाटणारा हा नियम मधुमेहाच्या रोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. संध्याकाळी लवकर जेवण उरकून कर्मचाऱ्यांना मोकळे करण्याच्या प्रवृत्तीलाही त्यामुळे आळा बसतो. भूकंप, वणवा अशा आपत्तींचा विचार करून कॅलिफोर्नियात टिकाऊ पदार्थांचा किमान एक आठवड्याचा व नाशवंत पदार्थांचा दोन दिवसांचा साठा सक्तीचा केला आहे.

अन्नाच्या हाताळणीसाठी संघीय अन्न व औषध प्रशासनाने १९९३ पासून प्रसिद्ध केलेली आदर्श अन्नसंहिता आधारभूत मानतात. ती स्वतः कायदा नसून राज्यांनी स्वीकारल्यावर बंधनकारक होते. तीनुसार थंड अन्न ५° से. वा त्याखाली आणि गरम अन्न ५७° से. वा त्याहून अधिक तापमानास ठेवावे लागते. या दोहोंमधील पट्ट्यात जंतूंची वाढ झपाट्याने होते. शिजलेले अन्न थंड करताना पहिल्या दोन तासांत ते २१° से. पर्यंत आणि एकूण सहा तासांत ५° से. पर्यंत उतरले पाहिजे. मोठ्या पातेल्यातील वरण किंवा रस्सा नुसता झाकून ठेवल्यास हे साधत नाही. तो उथळ थाळ्यांत ओतावा लागतो. गरम ठेवण्यासाठी पुन्हा तापविलेले अन्न ७४° से. पर्यंत न्यावे लागते. तथापि तापविणे हा सर्वच दोषांवर उपाय नव्हे. शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जंतू जे विष तयार करतो, ते फोडणी दिल्यानेही नाहीसे होत नाही. उलट लिस्टेरिया जंतू शीतकपाटातही सावकाश वाढत राहतो.

वृद्धांच्या निवासगृहांचा समावेश ही संहिता ‘अतिसंवेद्य लोकसमूहा’त करते व त्यांना जादा निर्बंध लावते. कच्चे किंवा अर्धवट शिजविलेले मांस व मासे, कच्चे मोड आलेले धान्य आणि पाश्चरीकरण न केलेला फळांचा रस यांस तेथे मज्जाव आहे. नोरोव्हायरसचा संसर्ग निदानाने सिद्ध झालेल्या पाकगृहातील सेवकाला लक्षणे नसली, तरी अशा संस्थेत कामावर येता येत नाही. इतर उपाहारगृहांत त्याला मर्यादित कामे देता येतात.

अंड्याचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. ज्याने जन्मभर न्याहारीला अर्धवट उकडलेले अंडे खाल्ले, त्याला ऐंशीव्या वर्षी ते नाकारले गेले, की तो नाश्ताच सोडतो. वार्धक्यात अनवधानाने घटणारे वजन हा स्वतंत्र धोका आहे; म्हणूनच आहारतज्ञ आता मीठ, साखर व स्निग्ध पदार्थांवरील कडक पथ्ये या वयात शिथिल करण्याचा सल्ला देतात. अंड्याच्या बाबतीत तोडगा तंत्राने काढला. कवचासह पाश्चरीकरण केलेली अंडी वापरल्यास ती मऊ वाढता येतात. गिळण्यास त्रास होणाऱ्यांसाठी अन्न व पेये यांचे ० ते ७ असे आठ स्तर आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरविले आहेत. काट्याने दाबून किंवा चमचा तिरका करून अन्नाचा घट्टपणा कोणत्याही स्वयंपाक्याला पारखता येतो. मात्र सर्व पदार्थ एकत्र वाटून एकाच रंगाचा लगदा वाढणे ही पद्धत सोयीची असली, तरी जेवणाऱ्याचा अपमान करणारी आहे.

भारतात आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीच्या २००७ च्या कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणारे वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावेत, अशी तरतूद आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील अन्नव्यवसायाच्या व्याख्येत नफा न कमावणाऱ्या संस्थाही येतात. त्यामुळे धर्मादाय वृद्धाश्रमाचे पाकगृहही नियमांबाहेर राहत नाही. या अधिनियमाखालील नियमांत गरम अन्नासाठी ६०° से. ही मर्यादा आहे. महाराष्ट्रातील वृद्धाश्रमांचा एक विशेष म्हणजे पुण्यतिथी, वाढदिवस किंवा सणानिमित्त दात्यांकडून येणारे जेवण. आश्रमाच्या दृष्टीने तो मोठा आधार असतो व रोजच्या साध्या जेवणाला त्याने चव येते. परंतु सकाळी दुसरीकडे शिजलेली बासुंदी किंवा मसालेभात दुपारी उशिरा पंक्तीत पोहोचतो, तेव्हा मधल्या वेळेचा हिशेब कोणाकडेच नसतो. नको म्हणणे व्यवस्थापकाला अवघड जाते. म्हणून काही संस्था तयार अन्नाऐवजी शिधा किंवा रोख रक्कम स्वीकारून त्या दिवशीचे पक्वान्न आपल्याच स्वयंपाकघरात करतात. समारंभांत उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र विनियम करण्यात आले असून त्यांच्या व्याप्तीत अशा देणग्यांचा काही भाग येतो. घरगुती पंगतीतून थेट आश्रमात जाणारे डबे मात्र बहुधा कोणाच्याच नोंदीत येत नाहीत.