लोखंड, आखाडा आणि सभासदांची वही

जर्मनीत नेकार नदीच्या काठी ओब्रिगहाइम नावाचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. गावातलं अणुवीज केंद्र २००५ साली कायमचं बंद पडलं. गावाच्या नावाचा १९०४ सालचा गेर्मानिया क्लब मात्र चालू आहे. वजन उचलण्याच्या जर्मन राष्ट्रीय लीगचं, बुंडेसलीगाचं, विजेतेपद या गावाने मिळवलेलं आहे. इथलाच ओलिव्हर कारुसो १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधून ९१ किलो गटाचं कांस्यपदक घेऊन आला. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात बसून हे वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडेल तो हाच, की एवढ्याशा गावाला हे जमलं कसं?

ताकदीचं कौतुक आपल्याकडे काही कमी नाही. मारुतीच्या देवळापुढे पडलेला गोटा, तो छातीपर्यंत आणणारा गडी आणि भोवती ओरडणारी पोरं हे चित्र मराठी मुलखाला नवं नाही. बव्हेरियातही तेच होतं. म्युनिकचा हान्स श्टायरर (१८४९–१९०६) पेशाने खाटिक, पुढे खानावळवाला. ५०८ पौंडांचा दगड एका बोटाने उचलल्याबद्दल त्याची ख्याती. जर्मन पौंड अर्ध्या किलोचा, म्हणजे हे झाले २५४ किलो. दगड तिथेही होता, इथेही होता. फरक पडला तो दगडाभोवती जमलेल्या माणसांनी पुढे काय केलं, यात.

जर्मनांनी वर्गणी काढली, घटना लिहिली, अध्यक्ष आणि खजिनदार नेमले. सवय जुनी होती. नेपोलियनने १८०६ साली प्रशियाला लोळवलं, त्यानंतर फ्रीडरिश लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइड माळावर तरुणांचा आखाडा उघडला. व्यायामाच्या आडून राजकारण चालतं हे सरकारने ओळखलं आणि प्रशियात १८२० ते १८४२ या काळात सार्वजनिक व्यायामावर बंदी राहिली. यानच्या तालमी कसरतीच्या होत्या. लोखंड उचलणाऱ्यांचे क्लब शतकाच्या उत्तरार्धात वाढले आणि १८९१ मध्ये त्यांचा देशव्यापी संघ झाला. गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांनी १९०६ मध्ये आपला वेगळा संघ काढला.

या क्लबांची गोष्ट गोड करून सांगायचं कारण नाही. हिटलर आल्यावर १९३३ मध्ये कामगारांच्या क्रीडासंघटना मोडून काढण्यात आल्या आणि ज्यूंना क्लबांतून हाकललं गेलं. बाड क्रॉइझ्नाखचे हर्मान आणि युलिउस बारूख हे बंधू कुस्ती आणि वजन उचलण्यातले नामांकित खेळाडू. ज्यू होते म्हणून दोघेही नाझी छळछावण्यांत मारले गेले. ज्या वहीत सभासदांची नावं लिहायची, त्याच वहीतून ती खोडताही येतात.

याच जर्मनीत १९३६ साली आपले गडी पोहोचले. अमरावतीला अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये जो आखाडा काढला, तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन मंडळाच्या कारभारात होते. क्रांतिकारक राजगुरूही इथे व्यायाम शिकले. मंडळाचं पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली बर्लिनला गेलं आणि मल्लखांब, कबड्डी, लेझीम तिथे दाखवून आलं. कबड्डी ऑलिम्पिकमध्ये खेळली गेली असं आपल्याकडे अभिमानाने छापून येतं, ते जपून घ्यावं. त्या ऑलिम्पिकचे अधिकृत प्रदर्शनी खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग हे होते. अमरावतीकरांचे कार्यक्रम ऑलिम्पिकच्या निमित्ताने भरलेल्या शारीरिक शिक्षणाच्या मेळाव्यातले. म्हणून मोल कमी होत नाही. एरंडेल चोळलेल्या सागवानी खांबावर एका हाताच्या पकडीवर आडवा होणारा वऱ्हाडी पोरगा पाहून यानच्या वारसांना काय वाटलं असेल!

त्याच ऑलिम्पिकमध्ये वजन उचलायला भारताकडून उतरला तो ब्रह्मदेशचा यू झॉ वेक. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात होता आणि भारतीय वेटलिफ्टिंग महासंघाला जेमतेम वर्ष झालं होतं. सर्वांत वजनदार गटाचं सुवर्ण जर्मनीच्या योझेफ मांगरने घेतलं, एकूण ४१० किलो. आजच्या आकड्यांशी हा ताडून पाहू नये, कारण तेव्हा उचल तीन प्रकारची असे. त्यातली प्रेस १९७२ नंतर गेली आणि स्नॅच व क्लीन अँड जर्क उरले.

अमरावतीला जे साधलं ते जालन्याला त्या काळी सोपं नव्हतं. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. सभा, खासगी शाळा, आखाडे, सगळ्यालाच सरकारी परवानगीचा काच. १९३८–३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात आखाड्यांचं हे गाऱ्हाणंही होतं. निजामाला जाऊन आता पाऊणशे वर्षं झाली, तेव्हा सगळं खापर त्याच्यावर फोडणंही बरं नव्हे. सळयांसाठी देशभर नाव झालेल्या या जिल्ह्यात लोखंडाला तोटा नाही. व्यायामशाळेची इमारतही बांधून मिळते. पण पहाटे कुलूप उघडणारा कोणी नसला, की गणपतीनंतर तिथे मंडपाचं सामान येऊन पडतं.

असा उघडणारा भेटला की काय होतं, ते कोल्हापूर जिल्ह्यात पाहावं. शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड हे नरसोबाच्या वाडीजवळचं छोटं संस्थानी गाव. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळीने ५६ किलो, ओंकार ओतारीने ६९ किलो आणि चंद्रकांत माळीने ९४ किलो गटात कांस्य मिळवलं. तिघेही कुरुंदवाडचे. इथल्या जिमचं नाव हर्क्युलिस. श्टायररलाही बव्हेरियाचा हर्क्युलिसच म्हणत. एका गावातून एकाच स्पर्धेत तीन पदकं, याला नशीब म्हणता येणार नाही. थोरला लिफ्टर रॉडपाशी उभा राहून धाकट्याचे गुडघे, पाठ, कोपर बघतो. चूक दिसली की वजन वाढवू देत नाही. हे वर्षानुवर्षं चालावं लागतं.

सांगलीच्या दिग्विजय व्यायामशाळेतला संकेत सरगर ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. स्नॅच ११३, क्लीन अँड जर्क १३५, बेरीज २४८. पुढे १३९ उचलताना कोपर दुखावलं, तरी तिसऱ्यांदा उभा राहिला. तीही उचल फसली. मलेशियाच्या खेळाडूने २४९ केले आणि सुवर्ण एका किलोने गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याची धाकटी बहीण काजोल हिने पंचकुल्याच्या खेलो इंडिया स्पर्धेत ४० किलो गटाचं सुवर्ण घेतलं होतं. घरची पानटपरी. भावाचं बघून बहीण रॉडकडे वळली, आणि वळायला गावात व्यायामशाळा उघडी होती.