नामंजूर निविदेची कैफियत

वर्धा शहराच्या अंगाला लागून असलेल्या बोरगाव मेघे ह्या वस्तीची गणना २०११ च्या जनगणनेत शहरांत झाली, कारभार मात्र ग्रामपंचायतीच्याच हाती राहिला. आणि जेथे गावपण पुरते सुटलेले नाही व शहरपण पुरते लाभलेले नाही अशा ठिकाणी सिमेंटचे रस्ते, नाल्या, जलवाहिन्या आणि शाळाखोल्या ह्यांची कामे वर्षभर निघत असल्यामुळे, त्या कामांवर प्रपंच चालविणाऱ्या लहान कंत्राटदारांचा आणि पुरवठादारांचा एक वर्ग तेथे आपोआप उभा राहतो. आज ग्रामपंचायतीची नाली, उद्या जिल्हा परिषदेचा रस्ता, परवा नगर परिषदेचे दिवे, असा त्यांचा क्रम. बयाणा रक्कम भरून, दाखल्यांची चळत संगणकावर चढवून हा मनुष्य निविदा सादर करतो, आणि तांत्रिक लिफाफा उघडण्याच्या दिवशी आपल्या नावापुढे ‘अपात्र’ एवढाच शब्द त्यास दिसतो. कारण दिलेले असेलच असे नाही. असले तरी ते पटेलच असेही नाही. अशा वेळी दाद मागावयाची ती कोठे, केव्हा आणि कशाच्या बळावर, हे बहुतेकांस ठाऊक नसते, आणि ठाऊक होते तोवर मुदत टळून गेलेली असते.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, सरकार हे सामान्य गिऱ्हाईक नव्हे. खाजगी मालकाने आपल्या घराचे बांधकाम कोणास द्यावे, हा सर्वस्वी त्याच्या मर्जीचा प्रश्न. पण सार्वजनिक पैशाने काम देणाऱ्या संस्थेस मर्जी नसते, नियम असतो, आणि तो नियम राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदातील समतेच्या तत्त्वातून येतो. ह्या सिद्धान्तास सुस्पष्ट रूप लाभले ते मुंबईच्याच एका प्रकरणात. १९७७ साली सांताक्रूझच्या विमानतळावर दुय्यम दर्जाचे एक उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे चालविण्यासाठी निविदा मागविण्यात आल्या, आणि निविदाकार हा किमान पाच वर्षांच्या अनुभवाचा नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलचालक असावा, अशी अट घालण्यात आली. दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे अशी सर्वांत मोठी रक्कम देऊ करणाऱ्या निविदाकाराजवळ कॅन्टीन चालविण्याचा अनुभव होता, परंतु अटीत सांगितलेली ती नोंदणी नव्हती. तथापि निविदा त्याचीच मंजूर झाली. ‘रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती ह्यांनी सांगितले की, शासनसंस्थेने आपल्या निर्णयासाठी जो निकष स्वतः जाहीर केला, त्याने ती स्वतःही बांधली जाते. कारण ती अट सैल होणार हे आधी कळते, तर तशी नोंदणी नसलेले इतरही अनेक जण स्पर्धेत उतरले असते.

ह्याच निकालाचा उत्तरार्ध मात्र हरकतदारांनी पूर्वार्धाइतक्याच लक्षपूर्वक वाचावा असा आहे. प्राधिकरणाची कृती अयोग्य ठरली, तरी याचिकाकर्त्याच्या पदरात काहीही पडले नाही. त्याने स्वतः निविदा भरलेली नव्हती, मंजुरीनंतर पाच महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर तो न्यायालयात आला होता, आणि तोवर मक्तेदाराचा सुमारे सव्वा लाख रुपये खर्च होऊन गेला होता. तत्त्वाचा विजय आणि अर्जदाराचा पराजय एकाच निकालपत्रात घडावा, ह्याहून विलंबाच्या परिणामाचे बोलके उदाहरण सापडणे कठीण.

म्हणूनच हरकतीचे शास्त्र हे मुख्यतः वेळेचे शास्त्र आहे. निविदेतील एखादी अट एकाच कंपनीच्या मापाने बेतलेली वाटत असेल, तर ती गोष्ट निविदापूर्व बैठकीत, किंवा बैठक नसल्यास प्रश्न विचारण्याच्या मुदतीत, लेखी मांडून शुद्धीपत्रकाची मागणी करावी. ती अट मुकाट्याने मान्य करून स्पर्धेत उतरावयाचे आणि काम हातचे गेल्यावर तिला अन्यायकारक म्हणावयाचे, हा पवित्रा न्यायालयास सहसा रुचत नाही. तांत्रिक लिफाफ्यात अपात्र ठरविले गेल्यास आर्थिक लिफाफा उघडण्यापूर्वीच, तासांच्या हिशोबाने, हरकत दाखल व्हावी. दर एकदा उघड झाले की सर्वांत कमी दराच्या निविदाकाराचा पक्ष बळावतो, आणि कार्यारंभ आदेश निघून यंत्रसामग्री जागेवर पोहोचली म्हणजे पालटण्याजोगे फारसे उरत नाही.

हरकत संतापाची नसावी, दफ्तराची असावी. निविदेतील कोणत्या कलमाचा भंग झाला, आपण कोणता दाखला कोणत्या दिनांकास सादर केला, त्याची पोच कोठे आहे, आणि त्याच त्रुटीबद्दल दुसऱ्यास सवलत मिळाली काय, एवढ्या मुद्द्यांचा क्रमवार अर्ज पाच पानी निषेधापेक्षा अधिक काम करतो. काम ग्रामपंचायतीचे असेल तर प्रथम ग्रामपंचायतीकडे, नंतर वर्ध्याच्या पंचायत समितीतील गटविकास अधिकाऱ्यांकडे, पुढे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आणि गरज पडल्यास नागपूरच्या विभागीय आयुक्तांकडे, अशी ही पायऱ्यांची वाट आहे. सार्वजनिक बांधकाम विभागात तीच वाट कार्यकारी अभियंत्याकडून अधीक्षक अभियंत्याकडे जाते. केंद्र सरकारच्या कार्यालयांस २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १७३ वा नियम लागू असून, निविदेच्या अटींविषयी, प्रक्रियेविषयी वा नामंजुरीविषयी प्रश्न विचारण्याची तरतूद निविदापत्रातच असावी आणि विचारणा झाल्यास नामंजुरीची कारणे सांगावीत, असे तो बजावतो. ह्याच्या जोडीला २००५ चा माहितीचा अधिकार आहे. त्याच्या चौथ्या कलमान्वये प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस कळविणे हे कार्यालयाचे कर्तव्यच ठरते. मात्र अर्जाच्या उत्तराची तीस दिवसांची मुदत निविदेच्या वेगापुढे फार लांब पडत असल्यामुळे, ह्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहत मूळ हरकत थांबवू नये.

ह्या सर्व दारांवरून विन्मुख परतल्यावर उरते ते उच्च न्यायालय, आणि वर्धेकरांसाठी त्याचे नागपूर खंडपीठ. येथे घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली याचिका करता येते. परंतु न्यायालय निविदा समितीच्या खुर्चीत बसून दरांची तुलना करील, अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या ‘टाटा सेल्युलर’ निकालाने ही मर्यादा आखून दिली: निर्णय कसा घेतला गेला हे न्यायालय तपासील, निर्णय शहाणपणाचा होता काय हे तपासणार नाही. पुढे ‘जगदीश मंडल’ खटल्यात दोन कसोट्या ठरल्या. निर्णय दुर्बुद्धीने वा कोणा एकावर मेहेरबानी करण्यासाठी, किंवा कोणतीही जबाबदार संस्था घेणार नाही इतक्या मनमानीने घेतला गेला काय. आणि त्यामुळे लोकहितास बाध आला काय?

विदर्भानेही ह्या मर्यादेचा अनुभव घेतला आहे. नागपूर मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या निविदेत एका संयुक्त भागीदारीस मेट्रोच्या कामाचा अपेक्षित अनुभव नसल्याच्या कारणाने बाद करण्यात आले. उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. परंतु २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविताना म्हटले की, निविदापत्र ज्याने रचले, त्याच्या अटींचा अर्थ त्यासच सर्वांत चांगला कळतो, आणि त्या अर्थात दुर्बुद्धी वा विपर्यास नसेल तर तो मान्य करावा. त्याआधी खापरखेडा औष्णिक विद्युत केंद्राच्या कामास मिळालेली अंतरिम स्थगिती उठविताना त्याच न्यायालयाने बजावले होते की, वीजप्रकल्प रखडल्याची किंमत जनता भरते, म्हणून स्थगिती मागणाऱ्याने त्या नुकसानीची जोखीमही पत्करावयास हवी. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने तर पायाभूत प्रकल्पांना विलंब होईल असे मनाई हुकूम देण्यावर दिवाणी न्यायालयांस स्पष्ट बंधन घातले आहे.

दोन प्रसंगी मात्र हरकतदाराचा पक्ष स्वभावतःच बळकट असतो. पहिला, काळ्या यादीत नाव घालण्याचा: म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून असे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच ठरवून ठेवले आहे. दुसरा, निविदाकारांनीच आपसांत संगनमत करून स्पर्धेचे सोंग आणण्याचा. पुणे महानगरपालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत असे संगनमत झाल्याची तक्रार नागरिक चेतना मंच ह्या संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेली, आणि २०१८ साली आयोगाने संबंधित कंपन्यांस दंड ठोठावला. ही तक्रार कोणा पराभूत ठेकेदाराने नव्हे, तर नागरिकांच्या संस्थेने केली होती, हे विशेष.

हरकतीच्या ह्या वाटेसाठी इतरत्र काय सोय आहे, हेही पाहावे. तमिळनाडूने १९९८ साली, कर्नाटकाने १९९९ साली आणि राजस्थानाने २०१२ साली सरकारी खरेदीचे स्वतंत्र कायदे करून त्यांत निविदाकारास अपिलाचा हक्क दिला. अमेरिकेत तेथील महालेखापालाच्या कार्यालयाकडे अशी तक्रार नेता येते, तिचा निर्णय शंभर दिवसांत व्हावा लागतो, आणि तक्रार वेळेत आल्यास काम बहुधा आपोआप थांबून राहते. जागतिक बँकेच्या कर्जातील कामांतही निकाल कळविल्यावर करार करण्यापूर्वी सामान्यतः दहा कामकाजी दिवस थांबण्याचा दंडक आहे. महाराष्ट्रात शासनाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदीची नियमपुस्तिका आहे. पण असा कायदा नाही, आणि केंद्राचे २०१२ चे खरेदी विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. परिणामी, ज्या कंत्राटदाराचे काम काही लाखांचे, त्यास एकतर ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार आहे त्याच कार्यालयाच्या वा त्याच्या वरिष्ठांच्या दारी, नाहीतर थेट नागपूरच्या खंडपीठापुढे वकिलाची फी मोजून उभे राहावे लागते. मधली, स्वस्त आणि त्वरित निकाल देणारी पायरीच नाही.

ती पायरी बांधणे हे विधिमंडळाचे काम आहे. निकाल कळविणे आणि करार होणे ह्यांमध्ये दहा दिवसांचे अंतर, नामंजुरीची कारणे लेखी कळविण्याची सक्ती, आणि संबंधित कार्यालयाच्या अधीन नसलेला अपील अधिकारी, एवढ्या तीन गोष्टींनी बहुतेक तक्रारी न्यायालयापर्यंत जाण्यापूर्वीच निकालात निघतील. कारण कंत्राट मिळण्याचा हक्क कोणासच नाही. सर्वांस सारख्या तराजूने तोलले जाण्याचा हक्क मात्र प्रत्येक निविदाकारास आहे, आणि तो बजावणारा कंत्राटदार स्वतःच्या नफ्यासाठी भांडत असला, तरी ज्या रस्त्याचे व नालीचे पैसे बोरगावच्या करदात्याने भरले आहेत, त्यांचा हिशोबही तो नकळत तपासून घेत असतो.